हिशेब पुरा करून निरोप

ठाण्याच्या राम मारुती रोडवर, डोंबिवलीच्या फडके रोडवर किंवा कल्याणच्या शिवाजी चौकात आपण खरेदीला जाता, तेव्हा काउंटरपलीकडे उभी असलेली व्यक्ती आपल्या फारशी लक्षात राहत नाही. आपले वय पाहून ती आपल्याला बसायला स्टूल देते, पाणी विचारते, पंधरा साड्या उलगडून दाखवते आणि आपण निघाल्यावर त्या पंधराही पुन्हा घडी करून ठेवते. तिला बसलेले मात्र आपण क्वचितच पाहिलेले असते. तिच्याही घरी कोणी वृद्ध असते, आणि एखाद्या दिवशी तिच्यापुढे प्रश्न उभा राहतो : दुकान सांभाळायचे की घर?

वाचकहो, मी ठाण्यातील एका साड्यांच्या दुकानात बरोबर दहा वर्षे नोकरी केली आणि मागील वर्षी, ३१ मे २०२५ रोजी, ती सोडली. कारण घरातले होते. सासूबाईंचे खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली आणि त्यांच्याजवळ दिवसभर कोणीतरी असणे आवश्यक झाले. असा प्रसंग आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आला असेल किंवा येईल. म्हणून हे लिहिणे दोघांसाठी आहे : जे नोकरी सोडणार आहेत त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्यासाठी ती सोडली जाणार आहे त्या ज्येष्ठांसाठीही. मला उमगलेली गोष्ट एकच आहे. नोकरी नीट, हिशेब पुरा करून सोडली, तरच ती ज्यांच्यासाठी सोडली त्यांच्या मनावर तिचे ओझे राहत नाही. घाईने, रागाने किंवा अर्ध्यावर टाकून सोडलेली नोकरी पुढे कित्येक वर्षे घरात बोलत राहते, आणि तिचे बोलणे सर्वांत जास्त ऐकू येते ते खाटेवर पडलेल्या माणसाला.

उभ्याने केलेली नोकरी

दुकानातील नोकरी हलकी समजली जाते. शरीराला ती हलकी नसते. सकाळी दहा ते रात्री आठ उभे राहायचे, त्याआधी आणि त्यानंतर डोंबिवली ते ठाणे लोकलमध्ये कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा ही स्थानकेही बहुधा उभ्यानेच मोजायची. दीर्घकाळ एका जागी उभे राहिल्याने पायांतील रक्त वर चढण्यास पोटऱ्यांच्या स्नायूंची जी मदत व्हावी ती होत नाही. मग संध्याकाळी घोटे सुजतात, टाचा दुखतात आणि काहींच्या पायांवर निळ्या, फुगलेल्या शिरा दिसू लागतात. लघवीला जावे लागू नये म्हणून पाणी कमी पिण्याची सवय तर दुकानात काम करणाऱ्या बायकांना सर्रास लागते, आणि तिचे परिणाम मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाच्या रूपाने भोगावे लागतात.

हा त्रास केवळ आपल्याकडचा नाही. केरळात कोळिकोड शहरातील कापडदुकानांमध्ये काम करणाऱ्या स्त्रियांनी याच प्रश्नावर संघटना उभारली. पेशाने शिवणकाम करणाऱ्या पी. विजी यांनी ‘पेणकूट्ट’ या संघटनेद्वारे स्वच्छतागृह आणि बसण्याची मुभा या दोन साध्या गोष्टींसाठी अनेक वर्षे लढा दिला. त्यानंतर २०१८ साली केरळने आपल्या दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती करून कर्मचाऱ्यांना बसण्याची सोय देणे बंधनकारक केले. २०२१ साली तमिळनाडूनेही तसाच बदल केला. बसायला मिळावे यासाठी कायदा करावा लागतो, यातच या नोकरीचे स्वरूप आले.

आपल्या राज्यात १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्याची जागा २०१७ च्या नव्या कायद्याने घेतली. त्यानुसार दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडे ठेवता येते. मात्र प्रत्येक कर्मचाऱ्याला आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्यावीच लागते. म्हणजे रविवारी आणि सणावारी, जेव्हा सारे घर एकत्र असते, तेव्हा दुकानातील माणूस कामावर असतो. घरात आजारपण आले की हीच गोष्ट प्रथम बोचू लागते.

लगेच की आठ महिन्यांनी?

२०२४ च्या गणेशोत्सवात, गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सासूबाई न्हाणीघरात घसरून पडल्या. त्यांचे वय तेव्हा ७६ होते. शस्त्रक्रियेनंतर त्या घरी आल्या तेव्हा घरातील सर्वांचे मत एकच होते : मी नोकरी सोडावी. माझा पगार घरात सर्वांत कमी होता, आणि सेवा ही सुनेने करायची असते असे गृहीत धरले गेले होते. मीही राजीनाम्याच्या विचारापर्यंत आले होते.

तो विचार थांबवला तो सासूबाईंनी. त्यांनी मला जवळ बोलावून विचारले, “अगं, तुझी दुकानात किती वर्षे झाली?” मी म्हटले, “आई, नऊ वर्षे आणि तीन महिने.” त्या म्हणाल्या, “मग दहा पुरी कर. तुझ्या सासऱ्यांच्या पेन्शनवर मी आज कोणापुढे हात पसरत नाही. तुझे पेन्शन माझ्या पायापायी गेले असे मला नको.”

त्यांच्या म्हणण्यात किती व्यवहार होता हे कागद काढून पाहिल्यावर कळले. भविष्यनिर्वाह निधीबरोबर चालणाऱ्या १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत निवृत्तिवेतनासाठी १० वर्षांची सेवा लागते. त्याहून कमी सेवा असेल तर बहुतेक जण जमा रक्कम काढून मोकळे होतात. दहा पूर्ण झाली की ५८ व्या वर्षापासून आयुष्यभर दरमहा रक्कम सुरू होते. सेवेतील सहा महिन्यांवरचा भाग पूर्ण वर्ष धरण्याची तरतूद आहे. परंतु काठावर उभे राहण्यापेक्षा दहा भरलेली बरी, असे आम्ही ठरवले. हिशेब सोपा आहे : शेवटच्या ६० महिन्यांच्या पगाराची सरासरी गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. सरासरी ११,२०० रुपये आणि सेवा १० वर्षे धरली तर महिना १,६०० रुपये येतात. रक्कम लहान आहे. पण ज्या बाईला स्वतःच्या नावाने दुसरे काहीच येणार नाही, तिच्यासाठी ती स्वतःची असते.

म्हणून आठ-नऊ महिने कसे काढायचे याची योजना केली. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा एक मदतनीस मावशी ठेवल्या. यजमानांनी आपली पाळी बदलून घेतली. मी दुकानात शेठना परिस्थिती सांगितली आणि माझी साप्ताहिक सुट्टी डॉक्टरांच्या तपासणीच्या वारी मागून घेतली, ती मिळाली. खासगी दुकानात आईवडिलांच्या शुश्रूषेसाठी वेगळी भरपगारी रजा क्वचितच असते. परंतु वेळ बदलून मिळणे, बिनपगारी रजा, सुट्टीचा वार बदलणे अशा गोष्टी मागितल्यास मिळू शकतात. राजीनाम्यापूर्वी त्या मागून पाहाव्यात.

येथे एक स्पष्ट करते. थांबणे प्रत्येकाला शक्य नसते. रुग्णाची अवस्था गंभीर असेल, कामाच्या ठिकाणी अपमान किंवा छळ होत असेल, किंवा स्वतःचेच शरीर साथ देत नसेल, तर निवृत्तिवेतनाच्या हिशेबासाठी एक दिवसही थांबू नये. माझे म्हणणे इतकेच की निर्णयापूर्वी एक संध्याकाळ सर्व कागद समोर ठेवून बसावे, आणि त्या बैठकीत घरातील ज्येष्ठांनाही बसवावे.

दुकानाचे देणे

जबाबदारीने नोकरी सोडायची म्हणजे प्रथम आपल्याकडे दुकानाचे काय काय आहे याची यादी करायची. मी राजीनामा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात लेखी दिला, शेवटचा दिवस ३१ मे असा स्पष्ट लिहिला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. माझ्या नेमणूकपत्रात एक महिन्याची पूर्वसूचना होती. मी जवळजवळ दोन महिने दिले, कारण ती लग्नसराई होती. ज्या घरांचा बस्ता माझ्या हातून फाडला गेला होता, त्यांचे कार्य पार पडण्याआधी मी नाहीशी होणे मला बरे वाटले नसते. राजीनाम्यात कारण एका वाक्यात लिहावे. तक्रारींचा पाढा त्यात नको. तक्रार असेल तर ती वेगळी आणि वेळेवर करावी.

बाकी कामे अशी होती. बस्त्याची एक चोपडी मी ठेवत असे : कोणाचे लग्न, कोणत्या तारखेला, कोणत्या साड्यांचे फॉल-पिको राहिले, ब्लाउज कोणाकडे शिवायला दिले, किती रक्कम बाकी. ती पूर्ण करून नव्या मुलीच्या हाती दिली. माझ्या मांडणीवरील साठा तिच्याबरोबर मोजला आणि दोघींनी सही केली. पुढे एखादी साडी कमी भरली तर तिच्यावरही आळ येऊ नये आणि माझ्यावरही. शस्त्रक्रियेच्या वेळी घेतलेली उचल पगारातून हप्त्याने फिटत होती. तिचा शेवटचा हप्ता मेमध्ये संपेल असे आधीच बोलून घेतले होते. कपाटाची किल्ली, ओळखपत्र, दुकानाने दिलेल्या दोन गणवेशाच्या साड्या परत केल्या.

एक गोष्ट सहसा विसरली जाते. जुन्या गिऱ्हाइकांचे फोन नंबर माझ्या मोबाइलमध्ये होते. त्यांनी ते मला दुकानाची माणूस म्हणून दिले होते. मी ते दुकानाच्या वहीत उतरवले आणि माझ्या फोनमधून काढले. ज्या दोन-चार जणींशी घरोबा झाला होता त्यांना विचारून तेवढेच ठेवले.

नव्या मुलीला तीन आठवडे बरोबर घेऊन शिकवले. पैठणी वर्षानुवर्षे एकाच घडीत ठेवली तर जर घडीवर तुटते, म्हणून अधूनमधून घडी बदलावी आणि साडी मलमलच्या कापडात ठेवावी. इरकल दाखवताना पदर आधी उलगडावा. वयस्कर बाई आल्या तर त्यांना आधी बसवावे आणि मग भाव सांगावा. असे हातचे ज्ञान कोणत्याही चोपडीत नसते. ते देऊन निघालेला माणूस रात्री निवांत झोपतो. ‘माझ्यावाचून त्यांचे अडेल’ हा विचार मनातून जाण्यास याहून चांगला उपाय मला ठाऊक नाही.

आपले येणे

देणे फेडल्यावर येणे मागण्यात संकोच नसावा. आपल्याकडे बायकांना, आणि विशेषतः घरच्या कारणाने नोकरी सोडणाऱ्या बायकांना, हा संकोच फार असतो. ‘आपणच सोडली, मग मागायचे कसे?’ असे त्यांना वाटते. स्वतःहून सोडलेल्या नोकरीतही पुढील गोष्टी आपल्या हक्काच्या असतात.

पहिली ग्रॅच्युइटी. १९७२ पासून चालत आलेला नियम असा की १० किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनेत सलग ५ वर्षे सेवा झाली असेल, तर प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचे वेतन मिळते. महिन्याचे २६ दिवस धरतात. शेवटचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १३,००० रुपये असतील, तर एका वर्षाचे ७,५०० आणि दहा वर्षांचे ७५,००० रुपये होतात. ही रक्कम ३० दिवसांत द्यावयाची असते. तिच्यासाठी लेखी अर्ज करावा.

दुसरी शिल्लक अर्जित रजा. २०१७ च्या राज्य कायद्यात ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. सोडण्यापूर्वी रजेच्या नोंदी पाहून घ्याव्यात.

तिसरा भविष्यनिर्वाह निधी. आपला बारा अंकी खाते क्रमांक, त्याला जोडलेले आधार, बँक खाते आणि वारसाचे नाव बरोबर आहे का हे नोकरीत असतानाच तपासावे. बाहेर पडल्यावर दुरुस्तीसाठी खेटे पडतात. दुकानाने नोकरी सोडल्याची तारीख नोंदवली आहे का तेही पाहावे; नोंदवली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी सभासद स्वतःही ती नोंदवू शकतो. निवृत्तिवेतनाचे वय झालेले नसेल तर दहा वर्षांच्या सेवेचे योजना प्रमाणपत्र मागून ठेवावे. ठाणेकरांसाठी निधीचे कार्यालय वागळे इस्टेटमध्ये आहे. नोकरी सुटली म्हणून खात्यावरील व्याज लगेच थांबत नाही. आजारपणाच्या पहिल्या लाटेत सगळी शिल्लक काढण्याचा मोह होतो; गरजेपुरतेच काढावे.

चौथी आणि ज्येष्ठांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे औषधपाण्याची सोय. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना राज्य विमा, म्हणजे ई. एस. आय. लागू असतो, कर्मचाऱ्याच्या पगारातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के वर्गणी जाते, आणि अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही त्यातून उपचार मिळतात. मुलाने किंवा मुलीने नोकरी सोडली की हा आधार काही काळाने संपतो. किती काळाने, याचा नियम आहे. एप्रिल ते सप्टेंबर या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर पुढील जानेवारी ते जूनपर्यंत. ऑक्टोबर ते मार्चमध्ये भरलेली असेल, तर त्यापुढील जुलै ते डिसेंबरपर्यंत. आईवडिलांची एखादी शस्त्रक्रिया किंवा तपासणी ठरलेली असेल तर ही तारीख पाहूनच राजीनाम्याची तारीख ठरवावी. दुकानाने गटविमा काढला असेल तर तो वैयक्तिक विम्यात बदलून घेता येतो का, हे नोकरीत असतानाच विमा कंपनीला विचारावे. उशीर झाला तर ती संधी हुकते.

वय ७० पूर्ण झालेल्यांसाठी एक मोठी सोय आता झाली आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षांवरील सर्व ज्येष्ठांना, उत्पन्न कितीही असो, कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे ‘वय वंदना’ कार्ड मिळते. सासूबाईंचे कार्ड आम्ही माझी नोकरी चालू असतानाच काढले. हे संरक्षण रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहे. नेहमीची औषधे आणि फिजिओथेरपी यांचा खर्च वेगळा धरावा लागतो.

अनुभवपत्र, कार्यमुक्तीचे पत्र आणि शेवटच्या काही महिन्यांच्या पगाराच्या पावत्या एका फाइलमध्ये ठेवाव्यात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता अमलात आल्या आहेत. त्यामुळे आपण सोडाल त्या दिवशी लागू असलेला नियम संबंधित कार्यालयात विचारून घेणे इष्ट.

घरातील वाटणी

नोकरी एकीने सोडली तरी जबाबदारी एकीची होत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्यानेही आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी सर्व मुलांवर, मुलगे आणि मुली दोघांवरही, टाकली आहे. कायद्यापर्यंत जाण्याची पाळी येऊ नये, म्हणून आम्ही घरीच बसून ठरवले. पुण्याचे धाकटे भावोजी दरमहा ठराविक रक्कम पाठवतात. नणंदबाई कल्याणहून दर बुधवारी येतात आणि दिवसभर थांबतात. रविवारी दुपारी चारनंतर आईंजवळ यजमान बसतात. हे सर्व एका कागदावर लिहून ठेवले आहे. लिहून ठेवण्यात अविश्वास नाही. तोंडी ठरलेले दोन महिन्यांत विसरते, आणि मग जी घरी असते तिच्याच अंगावर सर्व येते.

ज्येष्ठ वाचकांना येथे एक नम्र विनंती आहे. आपल्यासाठी कोणी नोकरी सोडत असेल तर ‘तू आता घरीच असतेस ना’ हे वाक्य कृपया बोलू नका, आणि इतरांनाही बोलू देऊ नका. त्याचप्रमाणे ‘माझ्यामुळे तुझे नुकसान झाले’ हेही रोज म्हणू नका; ते ऐकून सेवा करणाऱ्याला अधिक थकवा येतो. त्याऐवजी आपल्याला नेमकी कोणती मदत हवी आणि कोणती नको, ते स्पष्ट सांगा. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात मला सांगितले की वेणीफणी त्या स्वतः करतील, देवपूजाही खुर्चीत बसून करतील, मात्र न्हाणीघरात जाताना त्यांना कोणीतरी बरोबर हवे. त्या तीन वाक्यांनी माझ्या दिवसाला आकार आला आणि त्यांचा मानही राहिला.

नंतरचे दिवस

नोकरी सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे फसवे असतात. सुजलेले घोटे उतरतात, लोकलची धावपळ संपते आणि आपण सुखी आहोत असे वाटते. मग हळूहळू दुसरी बाजू दिसू लागते. दुकानात दिवसाकाठी पन्नास माणसांशी बोलणे होई; घरी एकाच माणसाशी, तेही बहुतेक औषध आणि जेवण यांविषयी. सकाळी नऊच्या सुमारास मला विनाकारण अस्वस्थ वाटे. हातात स्वतःचा पगार येत नाही, म्हणून साधा गजरा घेतानाही मन कचरे. हे आपल्याला होत असेल तर ते विचित्र नाही. दहा-वीस वर्षांचा दिनक्रम सुटल्यावर मनाला त्याची जागा भरून काढायला वेळ लागतो.

मला उपयोगी पडलेल्या काही गोष्टी सांगते. पहिली, वेळापत्रक. दुकानाला जशी उघडण्याची आणि बंद होण्याची वेळ असते, तशी सेवेलाही असावी. दुपारी दोन ते चार हा वेळ माझा, हे घरात ठरले आहे. दुसरी, शरीराची काळजी. काउंटरवर पाय दुखत, आता पाठ दुखू लागली, कारण माणसाला उठवण्याची रीत मला ठाऊक नव्हती. फिजिओथेरपिस्टने ती शिकवली : रुग्णाला आधी खाटेच्या कडेपर्यंत आणावे, आपण जवळ उभे राहून गुडघे वाकवावेत, कमरेतून वाकून ओढू नये, आणि वॉकर आधी समोर ठेवावा. शुश्रूषा करणाऱ्या प्रत्येकाने हे पहिल्याच आठवड्यात शिकून घ्यावे. आपला रक्तदाब, साखर आणि झोप यांकडेही वर्षातून एकदा नव्हे, नियमाने लक्ष द्यावे.

तिसरी, थोडी का होईना स्वतःची कमाई. दहा वर्षे साड्यांत गेलेले हात रिकामे राहत नव्हते. मी शेजारपाजारच्या साड्यांचे फॉल-पिको घेऊ लागले. पदराचे गोंडे सासूबाई करतात. खुर्चीत बसून करण्याजोगे ते काम आहे, आणि त्यांची गाठ माझ्यापेक्षा सुबक येते. महिन्याला पंधराशे रुपयांच्या आसपास मिळतात. गोंड्यांचे पैसे मी त्यांच्या हातात वेगळे देते. प्रथम त्यांनी घेण्यास नकार दिला. आता त्या मोजून घेतात.

चौथी, घराबाहेरची एक जागा. रविवारी चार ते सात मी बाहेर पडते. कोणी गणेश मंदिरात जाऊन बसेल, कोणी मैत्रिणीकडे. वाचनाची आवड असणाऱ्यांना ठाण्यात १८९३ पासूनचे मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, कल्याणात १८६४ पासूनचे सार्वजनिक वाचनालय आहे. आणि फारच एकटे वाटले, मार्ग सुचेनासा झाला, तर ज्येष्ठांसाठी व त्यांच्या कुटुंबीयांसाठी १४५६७ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. तेथे माहितीही मिळते आणि कोणीतरी ऐकूनही घेते.

पुन्हा नोकरी करावी का, हा प्रश्नही पुढे येतो. ज्या दुकानातून आपण हिशेब पुरा करून निघालो, त्या दुकानाचे दार बंद होत नाही. दिवाळीच्या आधी दुकानातून निरोप आला होता की गर्दीच्या दहा दिवसांपुरते येता येईल का. नणंदबाई आणि यजमान यांनी दिवस वाटून घेतले, आणि मी त्यांपैकी सहा दिवस गेले. नवी मुलगी आता तरबेज झाली आहे. तिने माझ्यासाठी काउंटरमागे एक स्टूल आणून ठेवले होते, आणि शेठनी त्यावर काही म्हटले नाही.

वाचकहो, आपल्या घरातील कोणी नोकरी सोडण्याच्या विचारात असेल, तर राजीनाम्याचा कागद लिहिण्यापूर्वी चार प्रश्न विचारून पाहा. दुकानाचे माझ्याकडे काय आहे? माझे दुकानाकडे काय आहे? माझ्यानंतर घरातील औषधपाणी कोणत्या आधारावर चालेल? आणि ज्यांच्यासाठी मी हे करते आहे, त्यांना मी विचारले आहे का? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे कागदपत्रांत सापडतील. चौथ्याचे उत्तर शेजारच्या खोलीत आहे. ते विचारायला फार वेळ लागत नाही, आणि पुष्कळदा ते आपल्या अपेक्षेहून शहाणे निघते.